ठिणगीवांचून पेटणारें इंजिन

लातूर शहर बालाघाटच्या पठारावर वसलें आहे. नांदेड त्याच्या ईशान्येस, बरेंच खालीं, गोदावरीच्या कांठीं आहे. पौष महिन्यांत लातूरकडील पहांटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत, कधीं त्याहूनहि खालीं उतरतो. वैशाखांत नांदेडच्या रस्त्यावर दुपारीं तो चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून मराठवाड्याच्या या भागांत डिझेल मोटारीविषयींची एकच तक्रार वर्षांतून दोनदां, दोन वेगळ्या रूपांनीं ऐकूं येते. हिवाळ्यांत मोटारीचा धनी म्हणतो, ‘सकाळीं गाडी चालू होत नाहीं, एकदां झाली म्हणजे दिवसभर त्रास नाहीं.’ उन्हाळ्यांत दुसरा म्हणतो, ‘सकाळीं चटकन् चालू होते, पण लांबून येऊन बंद केली, कीं पुन्हां उठत नाहीं.’ तक्रार एक, रोग मात्र दोन. जो कारागीर या दोन वाक्यांतील भेद ओळखतो, त्याचें निम्में काम हत्यार उचलण्यापूर्वींच झालेलें असतें.

हा भेद ओळखण्याची विद्या एका दिवसांत तयार झालेली नाहीं. तिला सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि मराठवाड्यांत ती विहिरीवरच्या इंजिनापासून मालमोटारीपर्यंत व तेथून घरच्या मोटारीपर्यंत आली आहे. डिझेल इंजिन सुरू करण्याची अडचण प्रत्येक नव्या शोधानें संपली असें वाटलें. वस्तुतः ती संपली नाहीं, तिनें जागा तेवढी बदलली. म्हणून जुन्या जागा ठाऊक असल्यावांचून नवी जागा सांपडत नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेल इंजिनांत ठिणगी मुळींच नसते. नळकांड्यांतील हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापेल कीं, तींत सोडलेलें इंधन आपोआप पेट घेईल, या कल्पनेवर रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९२ सालीं एकस्वासाठीं अर्ज केला. सायकलला हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें, तेंच हें तत्त्व. १८९३ च्या ऑगस्टांत आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत पहिला प्रयोग झाला, तेव्हां स्फोट होऊन दाब मोजण्याचें उपकरणच उडालें. परंतु दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें इंधन पेटतें, एवढें सिद्ध झालें. १८९७ सालीं प्राध्यापक श्रोटर यांनीं सुधारलेल्या इंजिनाची परीक्षा केली. त्यांत इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के उष्णता प्रत्यक्ष कामास लागली. त्या काळच्या सामान्य वाफेच्या इंजिनास याच्या निम्मेंहि साधत नसे.

मोटारीच्या डिझेल इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते व तिचें तपमान पांचशें अंशांच्या वर जातें. पण हा हिशेब तापलेल्या इंजिनाचा आहे. थंड इंजिनांत नळकांड्याच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात. आणि दट्ट्या सावकाश फिरला, तर हवेला निसटण्यास व निवण्यास सवड मिळते. यांतून तीन अटी निघतात. इंजिन पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे; दाबलेली हवा पुरेशी तापली पाहिजे; आणि इंधन ठरल्या क्षणीं, बारीक तुषारांच्या रूपानें आंत आलें पाहिजे. सुरू न होणाऱ्या डिझेल गाडींत या तिहींपैकीं एखादी तरी अट मोडलेली असते.

मराठी शेतकऱ्याला या अटींची ओळख मोटारीनें करून दिली नाहीं. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें बनविण्यास आरंभ केला. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढें जेथें विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या, तेथें मोटेच्या जागीं विहिरीवर ऑईल इंजिन आलें. तें हातानें हँडल मारून सुरू करावयाचें असे. प्रथम झडप उघडी धरणारी कळ ओढावयाची, म्हणजे आंत दाब होत नाहीं व चाक हलकें फिरतें. जड चाकास वेग आला, कीं कळ सोडावयाची. चाकांत सांठलेला जोर पहिल्या दाबावर मात करतो आणि इंजिन पेट घेतें.

या हँडलानें मनुष्याच्या हाताला फार मोठें शिक्षण दिलें. कळ सोडल्यावरहि हँडल हलकें लागलें, तर दाब गळतो आहे, म्हणजे झडप नीट बसत नाहीं किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत, हें मनगटाला कळे. हँडल जड लागून धुराड्यांतून धुराचा अंशहि निघाला नाहीं, तर तेल पोंचत नाहीं हें डोळ्याला दिसे. टाकी अगदीं कोरडी होऊं दिली, तर नळींत हवा शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून पंप हवेलाच दाबीत राहतो आणि नोझल उघडत नाहीं. ‘इंजिनानें एअर घेतली’ हा शब्दप्रयोग यांतूनच रूढ झाला. त्यावरचा उपायहि सोपा होता: स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून तेलाची सलग धार येईपर्यंत पंप हलवावयाचा.

रस्त्यावरची कथा निराळ्या वाटेनें आली. नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें हैदराबाद संस्थानांत होतीं. १९३२ सालीं निजाम स्टेट रेल्वेनें २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन मार्ग-वाहतुकीचें खातें काढलें. सरकारी बसवाहतुकीचा हिंदुस्थानांतील तो एक आद्य प्रयत्न होय. तो काळ मुख्यतः पेट्रोलचा होता. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां देशांत कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. १९५४ सालीं जमशेदपुराहून टाटा आणि डेम्लर-बेंझ यांच्या सहकार्याची डिझेल मालमोटार बाहेर पडली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६१ सालीं त्याची एस. टी. महाराष्ट्राच्या एकत्रित महामंडळांत सामील झाली. विहिरीवरचें डिझेल आतां रस्त्यावरहि सर्वत्र दिसूं लागलें.

रस्त्यावर येण्यासाठीं त्याला रूप बदलावें लागलें होतें. प्रॉस्पर लोरांज या इंजिनियरानें १९०९ सालीं मुख्य नळकांड्याला जोडून एक लहान पूर्वकक्ष सुचविला. इंधन प्रथम तेथें पेटावें व ज्वाला मग नळकांड्यांत यावी, अशी ती योजना. १९२७ सालीं बॉश कंपनीनें इंधनाचे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास सुरुवात केली, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेल मोटार लोकांसमोर आली. पूर्वकक्षामुळें इंजिन मवाळ चालूं लागलें. पण त्या कक्षाच्या भिंतींनीं थंडींत हवेची उष्णता अधिकच शोषली. हँडलाचे कष्ट सेल्फनें वांचविले, तों अडचण येथें येऊन बसली. तिच्यावर तोड म्हणून प्रत्येक कक्षांत विजेनें लाल होणारा हीटर प्लग बसविण्यांत आला.

या प्लगांच्या जोडणींतहि इतिहास आहे. जुन्या पद्धतींत सर्व प्लग एका माळेंत जोडलेले असत. एक जळाला, कीं सारे निकामी होत आणि थंडींत इंजिन अजिबात दाद देत नसे. पुढें प्रत्येक प्लगला स्वतंत्र प्रवाह मिळूं लागला. आतां एक जळाला तर इंजिन तीन नळकांड्यांवर कसेंबसें सुरू होतें, थरथरतें, पांढरा धूर ओकतें आणि कांहीं वेळानें शांत होतें. ज्याला ही थरथर वाचतां येत नाहीं, तो नसता पंप खोलतो.

घरगुती मोटारींत डिझेल उशिरां शिरलें. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले आणि डिझेल सरकारी धोरणानें स्वस्त राहिलें. १९७९ सालीं महिंद्र कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं डिझेल इंजिनाविषयीं करार केला. त्याच सुमारास डिझेलची अँबॅसॅडर निघाली. काळीपिवळी जीप खेड्यांतील लोकांची सवारी बनली. १९९८ अखेर पुण्यास तयार झालेली इंडिका आली, तेव्हां मध्यमवर्गीय घरालाहि डिझेल मोटार परवडूं लागली. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलच्या भावावरचें नियंत्रण उठेपर्यंत हें आकर्षण टिकलें. मोटार घरची झाली, तसें तिचें न उठणेंहि घरचें संकट झालें. पहांटे बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें असतां गाडीनें दगा दिला, तर तो केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाहीं.

अशा वेळीं इतिहासानें शिकविलेले तीन प्रश्न त्याच क्रमानें विचारावे लागतात. पहिला वेगाचा. सेल्फ इंजिनाला जोमानें फिरवीत नसेल, तर बॅटरी, तिचीं गंजलेलीं टोकें, इंजिनाची अर्थ-तार आणि मग सेल्फ यांच्याकडे पाहावें. दिव्यांना पुरणारी वीज सेल्फला पुरतेच असें नाहीं. दुसरा प्रश्न धुराचा. वेग चांगला असून धूर मुळींच नसेल, तर इंधन पोंचत नाहीं: टाकी, चोंदलेला फिल्टर, सैल नळींतून शिरलेली हवा, किंवा किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा आवाज न करणारा पंपावरचा विद्युत्-खटका. पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोंचतें पण पेटत नाहीं. तेथें हीटर प्लग, दाब आणि इंधन सोडण्याची वेळ तपासावी. प्लगची तार काढून, बॅटरीच्या धन टोकाशीं जोडलेल्या लहान दिव्याची तार त्याला टेकवावी. दिवा न लागला, तर प्लग जळालेला समजावा. तिसरा प्रश्न वेळेचा: गाडी थंड असतां अडते कीं तापल्यावर?

या तिसऱ्या प्रश्नानें लातूरची पहांट आणि नांदेडची दुपार वेगळी होते. सेल्फचा वेग ठीक असून गरम गाडी अडत असेल, तर जुन्या मोटारींत पंप झिजल्याचा संशय घ्यावा. उष्णतेनें डिझेल पातळ होतें आणि पंपाच्या झिजलेल्या भागांमधून निसटतें. सेल्फच्या मंद वेगांत नोझल उघडण्याइतका दाब मग होत नाहीं. कारागीर पंपावर ओलें फडकें ठेवतात. पंप निवल्यावर गाडी चालू झाली, तर संशय बळावतो. ही परीक्षा होय, उपाय नव्हे. रोज फडकें भिजवीत बसणारा मनुष्य फक्त खर्च पुढें ढकलतो.

क्रम चुकला म्हणजे काय होतें, हें पंप-नोझलच्या दुकानांत पाहावें. एका सैल नळीसाठीं सबंध पंप खोलला जातो. हवा घेण्याच्या वाटेंत ईथरचा फवारा मारतात. हीटर प्लग लाल असतां तो अवेळीं भडकतो आणि दट्ट्याला इजा होते. गाडी ढकलून चालू करण्याची संवयहि निर्दोष नाहीं. झिजलेला टायमिंग पट्टा दांत सोडून सरकला, तर झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात. दोनशें रुपयांचा दोष असा दहा-वीस हजारांचा होतो.

१९९७ सालीं आल्फा रोमिओ १५६ या मोटारींतून कॉमन रेल पद्धत बाजारांत आली व पुढील दशकांत ती आपल्याकडे रुळली. तींत एका सामाईक नळींत इंधनाचा प्रचंड दाब सांठविलेला असतो आणि नोझल संगणकाच्या आज्ञेनें उघडते. ठराविक दाब झाल्यावांचून ती आज्ञाच निघत नाहीं. स्कॅनर जोडला, कीं दाब कमी असल्याचें पडद्यावर दिसतें. पण तो कां कमी, हें नेहमीं दिसत नाहीं. हवा शिरली असेल, फिल्टर चोंदला असेल, पंप थकला असेल, किंवा एखादी नोझल इंधन परत सोडीत असेल. म्हणून जाणता कारागीर प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावून कोणती अधिक भरते तें पाहतो. विहिरीवरचा मनुष्य मनगटानें जें करी, तेंच काम ही बाटली करते.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे सहाव्या टप्प्याचे नियम लागू झाले आणि कांहीं कारखान्यांनीं डिझेल मोटारी बनविणें सोडून दिलें. रस्त्यावर असलेल्या गाड्या मात्र अद्याप पुष्कळ वर्षें धांवतील, आणि त्यांच्या जोडीला ट्रॅक्टर व मालमोटारी आहेतच. त्यांना सुरू ठेवणारा कारागीर नवीं उपकरणें अवश्य शिकेल. पण आधीं विचारावें, मग पाहावें, आणि सर्वांत शेवटीं खोलावें, हा विहिरीच्या कांठीं शिकलेला धडा त्याच्या हातून सुटतां कामा नये. कारण त्याच्या दुकानाबाहेर बहुधा कोणीतरी घाईंत उभें असतें.