हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?

मागे आमच्या गटाने गावच्या पाण्यासाठी एक अर्ज केला. चार संध्याकाळी पारावर बसून, खाडाखोड करून तो लिहिला होता. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी तो वाचला, वर पाहिलं आणि विचारलं, “हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?” आम्ही गप्प बसलो. हाच प्रश्न एका फार मोठ्या नाटककाराला, तोही तो मेल्यानंतर दोनशे-अडीचशे वर्षांनी विचारला गेला. त्याची हकीकत आज सांगतो.

नाटककार म्हणजे इंग्लंडचा विल्यम शेक्सपिअर. आपल्याकडे ‘नटसम्राट’ पाहून डोळे पुसले नाहीत अशी बाई विरळा. त्या नाटकाच्या मुळाशी शेक्सपिअरच्या लिअर राजाची गोष्ट आहे. त्याचा जन्म 1564 सालचा, गाव स्ट्रॅटफर्ड. बाप चामड्याचे हातमोजे शिवणारा. तो पुढे नगराध्यक्षासारख्या मोठ्या पदावर चढला, पण कागदावर सहीच्या जागी खूण करायचा. शेक्सपिअरची धाकटी मुलगी ज्युडिथ, तिचीही एका दस्तावर सही नाही, नुसती खूण आहे. तो स्वतः कॉलेजात गेला नाही. त्याच्या मृत्युपत्रात पलंगाचा उल्लेख आहे, पुस्तकाचा एकही नाही. त्याच्या हातच्या म्हणून पक्क्या मानलेल्या सह्या सहाच, आणि त्याही एकीसारखी दुसरी नाही. (बँकेत सही जुळली नाही म्हणून परत आलेल्या आपल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.)

मग काही लोक म्हणू लागले, असल्या घरच्या माणसाला राजेरजवाड्यांची भाषा, कायदा, परदेशातली शहरं कशी ठाऊक? लिहिणारा कोणी दुसराच असणार, मोठ्या घरचा, शिकलेला.

हे सगळ्यात जोरात म्हटलं ते एका बाईने. डेलिया बेकन तिचं नाव. 1811 साली अमेरिकेतल्या ओहायो भागात, लाकडाच्या ओंडक्यांच्या घरात जन्मली. वडील लवकर गेले, घरात पैसा नाही. तिचा भाऊ येल या नामांकित कॉलेजात शिकला. तिथे मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणून ही कोवळ्या वयातच मास्तरीण झाली. तिने शाळा काढल्या, त्या चालल्या नाहीत. एका कथास्पर्धेत तिने एडगर अॅलन पो या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेखकाला मागे टाकून बक्षीस मिळवलं. मग ती बायकांसाठी इतिहासावर व्याख्यानं देऊ लागली, हातात कागद न घेता.

तिच्या मनाने घेतलं की ही नाटकं फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले अशा थोर पुरुषांनी मिळून लिहिली आणि राजाच्या भीतीने नाव दुसऱ्याचं लावलं. फ्रान्सिस बेकनचं आणि तिचं आडनाव एक, पण नातं नाही. 1853 साली ती इंग्लंडला गेली. पुरावा शेक्सपिअरच्या थडग्यात पुरलेला आहे, असं तिला वाटे. 1856 मध्ये एका रात्री ती कंदील घेऊन स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्या थडग्याशी बसून राहिली. दगड काही तिने उचलला नाही. पुढच्या वर्षी तिचं जाडजूड पुस्तक निघालं. त्याला प्रस्तावना हॉथॉर्न या नामांकित लेखकाची होती, छपाईचा खर्चही त्यानेच सोसला. पुस्तकाची टिंगल झाली. तिचं मन ढासळलं आणि 1859 साली अमेरिकेत, मनोरुग्णांच्या इस्पितळात ती गेली.

आम्हाला तिचा राग येत नाही, वाईट वाटतं. जिला स्वतःला कॉलेजचं दार बंद होतं, तिनेच म्हणावं की कॉलेजात न गेलेला माणूस असं लिहू शकत नाही!

तिच्या मागून बरेच आले. 1920 साली लूनी नावाच्या एका इंग्रज मास्तरांनी ऑक्सफर्डच्या सरदाराचं नाव पुढे केलं. तो सरदार 1604 सालीच वारला होता, आणि नाटकं तर त्यानंतरही येत राहिली. यावर उत्तर काय, तर आधीच लिहून ठेवली असतील! काहींनी मेरी सिडनी या विदुषीचं नाव घेतलं. ते ऐकून आम्ही क्षणभर सुखावलो, खोटं कशाला सांगा. पण त्यालाही कागदाचा आधार नाही.

शेक्सपिअरच्या बाजूला मात्र कागद आहेत. त्याच्या गावात मुलांसाठी चांगली शाळा होती, तिथे लॅटिन घोटून घ्यायचे. 1592 साली, तो हयात असतानाच, एका कॉलेजशिक्षित लेखकाने त्याची चेष्टा केली, की हा नट स्वतःला कवी समजायला लागला. त्याची मंडळी राजापुढे नाटकं करायची, तेव्हा दरबार त्याने जवळून पाहिला होता. काही नाटकं त्याने दुसऱ्यांच्या जोडीने लिहिली, हे अभ्यासकही मानतात. मृत्युपत्रात त्याने तीन सोबती नटांना अंगठ्यांसाठी पैसे ठेवले. त्यांतल्याच दोघांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, 1623 साली त्याची 36 नाटकं एकत्र छापली. त्यातली निम्मी त्याआधी कधी छापलीच नव्हती. ती दोघं थांबली असती, तर ‘मॅकबेथ’ आज आपल्याला मिळालं नसतं.

आणखी एक कागद दुसऱ्या एका अमेरिकन बाईमुळे मिळाला. हल्डा वॉलेस आणि तिचा प्राध्यापक नवरा लंडनच्या दफ्तरखान्यात जुन्या खटल्यांची बाडं वर्षानुवर्षं उलगडत बसले. 1910 साली त्यांनी जाहीर केलं, की 1612 सालची शेक्सपिअरची साक्ष सापडली आहे, खाली सहीसकट. अभ्यासक सोडले तर हल्डाचं नाव कोणाला माहीत नाही.

ती साक्ष नाटकांबद्दल नाही, त्यामुळे शंका घेणाऱ्यांचं समाधान तिने झालं नाही. पण माणूस कसा होता ते दिसतं. मुलीला लग्नात कबूल केलेल्या पैशांचा तो खटला होता. शेक्सपिअर लंडनमध्ये माउंटजॉय नावाच्या फ्रेंच कारागिराकडे भाड्याने राहायचा. हा कारागीर बायकांचे डोक्यावरचे साज बनवायचा. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या स्टीफनचं लग्न घरच्या मुलीशी, मेरीशी व्हावं, असं तिच्या आईच्या मनात होतं. तिने मध्यस्थीला भाडेकऱ्याला घातलं. लग्न झालं. पुढे जावई कोर्टात गेला, 60 पौंड कबूल केले होते ते दिले नाहीत म्हणून. शेक्सपिअरने शपथेवर सांगितलं, की हो, मी मुलाला समजावलं होतं, काही रक्कम ठरली होती, पण किती ते आता आठवत नाही.

शेवटी निवाडा फ्रेंच चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे गेला. त्यांनी जावयाला सात पौंडांहूनही कमी देववले. वर्ष उलटलं तरी सासऱ्याने तेही दिले नव्हते.