यंत्रमानवाची जन्मभूमी आणि कर्मभूमी

यंत्रांचा इतिहास सांगताना अमुक यंत्र कोणी शोधून काढले, एवढे नमूद करून आपण बहुधा थांबतो. परंतु यंत्र जन्मले कोठे आणि वाढले कोठे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. कारखान्यांतील यंत्रमानव अमेरिकेत जन्मला, जपानात वाढला आणि आज त्याची सर्वांत मोठी वस्ती चीनमध्ये आहे. असे का व्हावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

यंत्राच्या आधी त्याचे नाव आले. चेक नाटककार कारेल चापेक याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात 'रोबो' हा शब्द प्रथम योजला. तो त्याला त्याचा भाऊ योसेफ याने सुचविला होता. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. तेव्हा वेठीचे काम कोणी करावयाचे आणि त्याचे फळ कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न या नावातच दडलेला आहे.

प्रत्यक्ष यंत्राची कल्पना जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकन संशोधकाची. १९५४ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला व ते १९६१ साली मिळाले. दरम्यान १९५६ साली त्याची गाठ जोसेफ एंगलबर्गर या अभियंत्याशी पडली आणि दोघांच्या उद्योगातून 'युनिमेट' हा यंत्रमानव तयार झाला. १९६१ साली न्यू जर्सी प्रांतातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामास लागला. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून ठेवणे, हे त्याचे काम. चेहरामोहरा काहीच नव्हता. सुमारे अठराशे किलो वजनाचा, तेलाच्या दाबावर हलणारा तो एक हात होता, आणि कामाचा क्रम त्याच्या चुंबकीय स्मृतीत साठविलेला असे. माणसाचे हात भाजणारे काम यंत्राने पत्करले, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

तक्रार उद्भवली ती पुढे. ओहायो प्रांतातील लॉर्ड्सटाउन येथे याच कंपनीने १९७० च्या सुमारास जोडकामासाठी यंत्रमानव बसविले आणि ताशी साठाच्या जागी शंभर गाड्या बाहेर काढण्याचा संकल्प सोडला. त्यानंतर कामगारांची संख्या घटविण्यात आली; उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढला. १९७२ च्या मार्चमध्ये तेथील तरुण कामगारांनी बावीस दिवस संप केला. या संपाचा दोष यंत्रमानवाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते आम्हांस न्याय्य वाटत नाही. कामगारांचा राग यंत्रावर नव्हता; यंत्राच्या वेगाने माणसाने धावावे, या अपेक्षेवर तो होता.

आता जपानकडे वळू. १९६० नंतरच्या दशकात तेथील उद्योग झपाट्याने वाढत होते आणि कामास माणसे मिळेनाशी झाली होती. १९६७ साली एंगलबर्गर तोक्योस व्याख्यानास गेला, तेव्हा त्यास ऐकावयास शेकडो लोक जमले. पुढील वर्षी कावासाकी कंपनीने परवाना घेतला आणि १९६९ साली जपानी बनावटीचा पहिला युनिमेट तयार झाला. मायदेशी मात्र युनिमेशन कंपनीला १९७५ पर्यंत नफ्याचे तोंड दिसले नाही.

मोठ्या जपानी कारखान्यांत कामगारास निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी असे. एक काम यंत्राकडे गेले तर त्यास दुसरे काम शिकविले जाई. म्हणून यंत्राचे वैर वाटण्याचे कारण त्यास कमी होते. १९८० साली यंत्रमानव भाड्याने देणारी कंपनी निघाली, तेव्हा लहान कारखानदारांनाही तो परवडू लागला. अर्थात् या चित्राला दुसरी बाजू आहे. ही हमी हंगामी मजुरांना आणि छोट्या कंत्राटी कारखान्यांतील कामगारांना नव्हती. शिवाय धोकाही होताच. १९७९ साली अमेरिकेत मिशिगन प्रांतात आणि १९८१ साली जपानात यंत्रमानवाच्या आघाताने एकेक कामगार मृत्यू पावला. यंत्रमानवाभोवती कुंपण घालण्याची आणि त्यात शिरण्यापूर्वी यंत्र बंद करण्याची शिस्त किती आवश्यक आहे, हे अशा अपघातांनी शिकविले.

दरम्यान यंत्रही सुधारत होते. १९७४ साली स्वीडनच्या आसेआ कंपनीने विजेवर चालणारा व सूक्ष्म संगणकाने नियंत्रित होणारा यंत्रमानव बाजारात आणला. तेलाच्या दाबावर विसंबलेली युनिमेशन मागे पडली. १९८३ साली ती वेस्टिंगहाउस कंपनीने विकत घेतली आणि १९८८ साली ती स्विस कंपनीच्या हाती गेली. जन्मदात्या संस्थेची ही गत सत्तावीस वर्षांत झाली.

आजचे आकडे पाहावेत. आंतरराष्ट्रीय यंत्रमानव महासंघाच्या गणनेप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ५ लक्ष ४१ हजार नवे यंत्रमानव बसविले गेले आणि कामावर असलेल्यांची संख्या ४२ लक्षांवर गेली. नव्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये लागले. २०२४ साली तर चिनी बाजारपेठेत स्वदेशी कारखानदारांनी परकीयांहून अधिक विक्री केली. भारतात २०२३ साली सुमारे साडेआठ हजार बसविले गेले. दक्षिण कोरियात दर दहा हजार कामगारांमागे हजाराहून अधिक यंत्रमानव आहेत. जगाची सरासरी २०२३ साली १६२ होती.

आमच्यापुढील प्रश्न या आकड्यांच्या मागे आहे. कोरिया, जपान आणि चीन या देशांत तरुण हातांची संख्या घटत आहे. तेथे यंत्रमानव रिकामी जागा भरतो. आपल्याकडे हात पुष्कळ आहेत आणि काम अपुरे आहे. म्हणून यंत्रमानव नकोच म्हणावे काय? तसे म्हटल्यास आपला माल जगाच्या बाजारात टिकणार नाही. डोळे मिटून घ्यावा काय? तसे केल्यास लॉर्ड्सटाउनचा अनुभव आपल्या दारी येईल. इतिहास येथे तयार उत्तर देत नाही. पण उत्तर कोठे शोधावे हे दाखवितो. जेथे यंत्र आणण्यापूर्वी मजुराच्या उद्याच्या कामाची सोय झाली, तेथे ते रुजले. जेथे तो विचार मागाहून झाला, तेथे भांडण झाले. यंत्रमानव घेण्याचा हिशेब करताना कामगाराला नवे काम शिकविण्याचा खर्च त्याच हिशेबात धरावा, एवढा बोध आम्ही या इतिहासातून घेतो. वेठ यंत्राच्या माथी गेली, तर तीतून सुटलेल्या माणसाला भाकरीही मिळाली पाहिजे.