कात्रजचं पाणी आणि तुमची घागर

फोन ठेवा खिशात, इथे रेंज नाही. तुम्ही पेशवाईतल्या पुण्यात उभे आहात. वैशाखातली सकाळ, आताच मान भाजतेय आणि खांद्यावर तांब्याची रिकामी घागर. समोर पेठेतला दगडी हौद. रांग शोधू नका, रांग नाहीच. कोपरानं वाट काढा. शेणाचा, चुलीच्या धुराचा, ओल्या दगडाचा वास एकदमच नाकात शिरतो. भांड्यांचा खणखणाट चालू आहे. "अहो, सरका की जरा, पाणी काय पळून जातंय?" एक आजी खेकसतात.

घागर बुडवा. मनगटापर्यंत गारठलात ना? वर एवढं ऊन आणि पाणी असं, कारण ते कात्रजहून जमिनीखालून येतं. नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधला आणि पेठांपर्यंत दगड-चुन्याचा नळ आणला. नळ म्हणजे तुमच्या घरातला नव्हे. यात माणूस चालू शकतो. पटत नाही? या, हवेसाठी ठेवलेल्या या उच्छ्वासातून खाली उतरा.

सांभाळून, पायाखाली शेवाळ आहे. पोटऱ्यांना पाणी लागतं, हाताला खरखरीत भिंत, नाकात चिखलाचा वास. आत कोंडलेली हवा उच्छ्वासातून बाहेर पडते, पाणी अडत नाही. गाळ उपसायलाही इथूनच उतरतात. तो बघा, कोपऱ्यात एकजण फावड्यानं खरवडतोय. कान द्या. मोट नाही, रहाट नाही, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज नाही. कोळशाचा कण न जाळता पाणी निव्वळ उतारानं चालत येतं, तुमच्या पेठेत आणि शनिवारवाड्याच्या कारंज्यांतही. ज्यानं हा उतार साधला, त्या गवंड्याचा हात केवढा तयार असेल!

वर या. डोळे दिपले ना? आता हौदापासून लांब, उन्हात उभी असलेली ती बाई बघा. कडेवर मूल, पायाशी मडकं. हौदाला हात लावायची तिला मुभा नाही. कुणी वरून ओतलं, तर तिचं मडकं भरणार. पाणी एवढा पल्ला विनासायास गाठतं आणि शेवटच्या दहा पावलांवर अडतं. जोतीराव फुले आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करतील ते १८६८ साली. तोवर तिनं थांबायचं?

तुमची घागर भरलेली आहे. ओता की! आजी काय म्हणतात, तेही ऐकून घ्या.