लोखंडी मुठीची शाळा

‘टेक्केन’ या जपानी शब्दाचा अर्थ लोखंडी मूठ. या नावाचा पडद्यावरच्या मारामारीचा खेळ जपानच्या नामको कंपनीने १९९४ साली काढला. बटणे चार: दोन हातांची, दोन पायांची, शिवाय दिशा फिरवायचा एक दांडा. एवढे साहित्य पाहून हा पोरखेळ वाटावा. परंतु त्याची सातवी आवृत्ती २०१५ साली जपानच्या खेळघरांत आणि २०१७ साली घरच्या यंत्रांवर आली, तेव्हा एकेका पात्राचे डाव शंभराच्या घरात गेले होते. आणि नवख्याला हाताला धरून शिकवील असा एकही पाठ त्या खेळात नव्हता. सरावाची सोय होती, डावांची यादी होती. पण कोश पाठ करून कोणी बोलायला शिकत नाही.

मग लोक शिकले कसे?

आधी काय शिकायचे ते पाहू. या खेळात एका सेकंदाचे साठ भाग असतात. त्यातल्या एका भागाला फ्रेम म्हणतात. सगळ्यांत जलद ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो. शत्रूचा वार आपण अडविला आणि तो आपल्यापेक्षा दहा फ्रेम उशिरा सावरला, तर आपला ठोसा त्याला चुकविता येत नाही. सगळे मर्म इथे आहे. पण कोणत्या वारानंतर किती फ्रेम हा हिशेब पडद्यावर दिसत नसे. खेळाडूंनीच चित्रफिती थांबवून, एकेक चित्र मोजून कोष्टके केली आणि एकमेकांना फुकट वाटली. आम्ही मजुरांत वावरलेली माणसे; साच्यावर नवा आलेला बदली कामगार शेजारच्या साचेवाल्याकडे पाहून शिकतो हे आम्हांला ठाऊक. इथेही तेच झाले.

खेळघराची रीतच तशी आहे. हरला तो उठतो, जिंकला तो बसून राहतो. उठलेल्याला पुन्हा पैसे टाकावे लागतात, म्हणून खिसा हलका असलेला मागे उभा राहून पाहतो, आणि विचारतो. सांगणाऱ्याचेही त्यात हित असते, कारण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळून कोणाचा हात तयार होत नाही.

याचा पुरावा लाहोरने दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्सलान सिद्दीकी, म्हणजे खेळाडूंतला ‘अर्सलान ॲश’, प्रवासातले अडथळे सोसून जपानात फुकुओकाला पोहोचला आणि ‘इव्हो जपान’ स्पर्धा जिंकला. तोवर पाकिस्तानच्या खेळाडूंची जगाला फारशी ओळख नव्हती. जिंकल्यावर त्याने सांगितले की आपल्यासारखे तगडे खेळाडू घरी आणखी आहेत. पुष्कळांना ती फुशारकी वाटली असेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात त्याने कोरियाच्या ‘नी’ या नामांकित खेळाडूला हरविले. हा नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळला आहे. ज्याच्याकडे जगाने शिकायला जावे, असा उस्ताद परगावी शागीर्द होऊन गेला! आम्हांला त्या दोन विजयांपेक्षा ही भेट मोठी वाटते. कोणा एकाचे नाव झाले. पण त्याला रोज हरवून घडविणारे ते बाकीचे कोण, याची नोंद कोणत्या करंडकावर होते?

डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने फ्रेमचे आकडे पडद्यावर दाखविण्याची सोय केली, मात्र निराळी किंमत लावून. आकडे मुळात तिच्याच यंत्रात होते, हे खरे. तथापि ते मोजून, वाटून, लोकांना त्यांची गरज लावली ती खेळाडूंनी, बिनपगारी. त्यांनाच ते विकणे आम्हांला रुचले नाही. अनेक खेळाडूंनीही तेव्हा नाराजी बोलून दाखविली.

जानेवारी २०२४ मध्ये आठवी आवृत्ती आली. तीत हे आकडे वेगळे पैसे न मोजता दिसतात, आणि नवख्यासाठी ‘आर्केड क्वेस्ट’ नावाचा विभाग आहे. त्यात शिकाऊ माणूस एका खेळघरात शिरतो, आणि तिथे भेटलेला मित्र त्याला शेजारी बसवून एकेक डाव समजावून देतो.