लॅम्डा की अनॉनिमस क्लास? जावामध्ये कधी काय वापरायचं?

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. समजा, जावाच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची यादी आहे आणि ती बीड शहरापासूनच्या अंतरानुसार लावायची आहे. वडवणी आधी की आष्टी? परळी कितवी? क्रम लावण्याचं काम जावा करते. दोन तालुक्यांपैकी आधी कोणता, एवढा नियम आपण द्यायचा. हा नियम कम्पॅरेटर नावाच्या इंटरफेसमधून दिला जातो.

तो देण्याची जुनी पद्धत म्हणजे अनॉनिमस क्लास, अर्थात बिननावाचा क्लास. १९९७ मध्ये जावा १.१ सोबत तो आला. खरं काम एका ओळीचं, पण भोवतीच्या कंसांसकट पाच-सहा ओळी होतात. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने लॅम्डा दिला: डावीकडे दोन तालुके, मध्ये बाण, उजवीकडे अंतरांची तुलना. संपलं! (हे नाव गणितज्ञ अलोंझो चर्च यांच्या १९३०च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसवरून आलं.)

मग नेहमी लॅम्डाच का नाही? कारण ज्या इंटरफेसमध्ये लिहून द्यायची मेथड एकच असते, तिथेच तो चालतो. माऊसलिसनरमध्ये अशा पाच मेथड आहेत, म्हणून तिथे लॅम्डा बसत नाही. तुलना किती वेळा झाली याची मोजणी नियमाला स्वतःजवळ ठेवायची असेल, तरीही क्लास हवा. लॅम्डाला स्वतःचं फील्ड नसतं.

नवशिक्यांची खरी फसगत होते ती ‘धिस’ या शब्दावर. अनॉनिमस क्लासमध्ये ‘धिस’ म्हणजे तो बिननावाचा ऑब्जेक्ट. लॅम्डामध्ये मात्र बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट. समजा, एक लिसनर पहिल्या क्लिकनंतर ‘धिस’ वापरून स्वतःलाच यादीतून काढतो. त्याचा लॅम्डा केला की ‘धिस’ बाहेरच्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतं. बहुतेकदा कम्पायलर तिथेच अडवतो. पण बाहेरचा क्लासही त्याच प्रकारचा लिसनर असेल, तर एररशिवाय भलताच लिसनर निघून जातो आणि मूळचा तसाच राहतो. एडिटरने सुचवलेला बदल स्वीकारण्याआधी कोडमध्ये ‘धिस’ शोधून पाहावं ते यासाठी.

वेगाच्या फरकावरून निवड करण्यात मात्र फारसा अर्थ नाही. ११ तालुक्यांच्या यादीत तो जाणवणारही नाही.