मातीवरचा शाहनामा

फिरदौसीने 'शाहनामा' इ. स. १०१० मध्ये पूर्ण केला. परंतु या काव्याच्या आज उपलब्ध असलेल्या सचित्र हस्तलिखितांपैकी सर्वांत जुनी इ. स. १३०० च्या सुमारासची आहेत. मग त्यापूर्वी ही चित्रे कोणी काढलीच नाहीत काय?

उत्तर मातीने दिले आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी इराणच्या कारागिरांनी बिझन व मनिझा यांची कथा एका पेल्यावर रंगविली. एकाखाली एक अशा तीन पट्ट्यांत, चौकटीमागून चौकट अशी ती पुढे सरकते. जणू पोथीची पानेच पेल्याभोवती गुंडाळली आहेत! हा पेला आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

या कामास 'मीनाई' म्हणतात. झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर बारीक कुंचल्याने रंग भरीत आणि मंद आचेवर ते पुन्हा भाजीत. काशान शहर त्यासाठी नामांकित होते.

तेथील एका कुंभार घराण्यातील अबुल कासिम इतिहासकार झाला. इ. स. १३०१ मध्ये त्याने घरच्या धंद्याची कृती लिहून ठेवली: दहा भाग गारगोटीचे पीठ, एक भाग काचेचे पीठ, एक भाग पांढरी माती. चित्र मातीने राखले. कृती मात्र लेखणीने राखली.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातातही हुन्नर आहे. शिकून मोठे व्हा. पण तो हुन्नर त्यांना विचारून, वेळीच लिहून ठेवा.