शेणाच्या घरातील कावळा

पशुपक्ष्यांच्या विनोदी चित्रकथा म्हणजे निव्वळ पोरवयाची करमणूक, असा समज सुशिक्षित कुटुंबांतून रूढ आहे. प्रत्यक्षात मात्र मुलांचे मासिक घरी आले म्हणजे वडील मंडळीही ते हळूच चाळतात, आणि कोल्ह्याची फजिती झालेली पाहून मुलांइतकीच मनमोकळी हसतात. या आवडीत संकोच वाटण्याजोगे काही नाही. नागपूर व त्याच्या आसपासच्या मुलुखाचा वाङ्मयेतिहास पाहिला, तर बोलक्या पशूंच्या गोष्टींवर येथे प्रथमपासूनच लहानांचा व थोरांचा सारखाच हक्क होता, असे दिसून येते.

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आहे. तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी संकलित करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथात शेणाच्या घरात राहणाऱ्या कावळ्याची गोष्ट आली आहे. आजच्या चिमणीच्या जागी तेथे साळई आहे, इतकाच काय तो फरक. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, आणि आतील पक्षीण बाळाच्या न्हाण्यामाखण्याची एकामागून एक सबब सांगते, हा या गोष्टीचा घरोघरी चालत आलेला भाग. मूल हसते ते त्या सबबींच्या पुनरावृत्तीला. थोरांना मात्र त्यांत अवेळी आलेल्या पाहुण्याला दारातच ताटकळत ठेवणारी एखादी व्यवहारदक्ष गृहिणी ओळखू येते. गोष्ट एकच, पण तिच्यातील हास्य दुहेरी आहे. शिवाय हसता हसता भिजणाऱ्या कावळ्याची कीवही येते, आणि हसू व कळवळा यांचे हे मिश्रणच तिला सातशे वर्षांवर जिवंत ठेवीत आले आहे.

पुढे छापखाने आले, तेव्हाही पशूंनीच पुढाकार घेतला. कलकत्त्यास १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविल्या जात. तेथे विल्यम कॅरीच्या हाताखाली मराठीचे पंडित म्हणून काम करणारे वैजनाथशास्त्री हे नागपूरकडील गृहस्थ. त्यांनी मराठीत उतरविलेला ‘हितोपदेश’ १८१५ साली सेरामपूर येथे मोडी अक्षरांत छापून निघाला. मूळ ग्रंथात विष्णुशर्म्याचे शिष्य अशिक्षित राजपुत्र आहेत. येथे त्यांची जागा राज्यकारभार शिकावयास निघालेल्या परकीय तरुणांनी घेतली. ज्या गोष्टी मुलांना सांगावयाच्या, त्यांवरूनच जाणत्या पुरुषांनी भाषा गिरवावी, यात कोणालाच विसंगती वाटली नाही. सेरामपूरच्या मराठीवर पुढे नागपुरी वळणाचा दोष लावण्यात आला, परंतु मुद्रित मराठीतील हे कोल्हे-कावळे आपल्या पहिल्या बोलांसाठी त्याच वळणाचे ऋणी आहेत.

तिसरे उदाहरण नागपूरच्या उत्तरेकडील अरण्याचे. सिवनीचा डोंगराळ प्रदेश त्या काळी मध्यप्रांतात मोडे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जंगल बुक’मध्ये रड्यार्ड किपलिंगने मोगलीची कथा याच सिवनीच्या रानात घडविली. किपलिंगचा बल्लू अस्वल हा रानाचे नियम पढविणारा, प्रसंगी चापट मारणारा गंभीर पंतोजी आहे. १९६७ साली वॉल्ट डिस्नेच्या चित्रकारांनी त्याच बल्लूला पडद्यावर आणले, तेव्हा तो गाणारा, नाचणारा, आळशी व प्रेमळ सवंगडी बनला. पंतोजीचा सवंगडी झाला आणि त्याबरोबर त्याचे चाहतेही वाढले. पशुकथेतील उपदेश गळाला तरी तिची गोडी जात नाही, हे यावरून उघड होते.

ही गोडी चित्रमालिकेत अधिकच दाट होते, याचे कारण चित्रात पशूचे शरीर व माणसाची खोड ही एकाच क्षणी दिसतात. मूल शरीर पाहते, थोर माणूस खोड पाहतो. १९८० साली मुंबईहून सुरू झालेल्या ‘टिंकल’ मासिकातील, प्रदीप साठे यांनी रेखाटलेला कालिया कावळा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. चमटका कोल्हा आणि डूब-डूब मगर हे दोघे सशा-हरणांवर टपलेले असतात, व कालिया युक्तीने त्यांचा बेत फसवितो. पंचतंत्रातील अनेक गोष्टींत हरणाऱ्यास प्राणास मुकावे लागते. चमटका मात्र पुढील गोष्टीत तसाच भुकेला, तसाच आशाळभूत होऊन परत येतो. त्याची फजिती होते, नाश होत नाही. मुलाला त्यामुळे भय वाटत नाही. थोरांना तर आपलेच फसलेले बेत आठवतात, व आपणासही पुन्हा उद्याचा दिवस आहे, असा धीर येतो.

कालियाकडे पाहता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शेणाच्या घराचा म्हणून ज्याला आपण सातशे वर्षे हसत आलो, दारात भिजत ठेवीत आलो, तोच कावळा येथे दुबळ्यांचा पाठिराखा झाला आहे. हा पालट कोणा नीतिपाठाने घडविलेला नाही. हसविणाऱ्या प्राण्याविषयी मनात माया उपजते, आणि ज्याच्याविषयी माया उपजली त्याला फार काळ दाराबाहेर ठेवणे जड जाते. मुलांच्या हातून असली मासिके काढून घेऊन त्या जागी निव्वळ बोधवचने ठेवू पाहणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. बोधवचने पाठ होतात व विसरतातही. दाराबाहेर भिजणारा कावळा मात्र मोठेपणीही आठवत राहतो, आणि दारावर थाप पडली म्हणजे कडी काढावयास हात थोडा लवकर पुढे होतो.